वरच्यांचे पाणी, खालच्यांचे पाणी आणि हेलसिंकीतली परिषद

दर वर्षी १ जुलैला नांदेड जिल्ह्याच्या धर्माबाद तालुक्यात गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याचे चौदा दरवाजे वर उचलले जातात. हे काम त्रिसदस्यीय समितीच्या देखरेखीखाली चालते. समितीवर केंद्रीय जल आयोग, महाराष्ट्र आणि तेलंगणा यांचे एकेक प्रतिनिधी असतात. २८ ऑक्टोबरपर्यंत नदी मोकळी वाहते आणि त्यानंतर दरवाजे खाली येतात. पुढे १ मार्चला, म्हणजे ऊन तापायला लागले की, साठलेल्या पाण्यातून ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे लागते. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३० कोटी. मराठवाड्यात मार्च महिन्यात एवढे पाणी आपल्या हाताने खाली सोडायचे, तर त्यामागे तसेच भक्कम कारण हवे.

हे वेळापत्रक सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालात कायम केले. नायगाव, बिलोली, धर्माबादच्या शेतकऱ्याला ते पाठ आहे. पण एकाच नदीवर वर कुणीतरी राहतो, खाली कुणीतरी राहतो, आणि दोघांनाही न्याय्य वाटा मिळाला पाहिजे, हा विचार कायद्यात आला कुठून? त्याचा एक मोठा धागा नदीपासून हजारो किलोमीटर दूर, आंतरराष्ट्रीय कायद्याच्या परिषदांच्या सभागृहांत सापडतो. त्या परिषदा कशा चालतात, त्यांतून काय निघते आणि आपल्या भागातल्या माणसाने तिथे का जावे, हे समजून घ्यायला गोदावरीइतके चांगले उदाहरण नाही.

परिषदेत होते काय?

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या परिषदा ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार सरकारांच्या बैठकांचा. आशियाई-आफ्रिकी विधी सल्लागार संघटना ही त्यातली आपल्याला जवळची. १९५५ च्या बांडुंग परिषदेनंतर, १९५६ साली ती सुरू झाली आणि तिचे मुख्यालय नवी दिल्लीत आहे. तिच्या वार्षिक अधिवेशनात सदस्य देशांची शिष्टमंडळे बोलतात. दुसरा प्रकार संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाचा. हे ३४ सदस्यांचे मंडळ दर वर्षी जिनिव्हात बसते आणि करारांचे मसुदे तयार करते. तिसरा प्रकार विद्वानांच्या आणि वकिलांच्या संस्थांचा. तिथे वकील, प्राध्यापक, न्यायाधीश, संशोधक आणि विद्यार्थी स्वतःच्या नावाने बोलतात. भारतीय आंतरराष्ट्रीय विधी संस्था ही अशीच. १९५९ साली व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली आणि दिल्लीत भगवानदास मार्गावर, सर्वोच्च न्यायालयाच्या समोरच तिची इमारत आहे.

या तिसऱ्या प्रकारातली जुनी आणि वजनदार संस्था म्हणजे इंटरनॅशनल लॉ असोसिएशन. १८७३ साली ब्रुसेल्समध्ये तिची स्थापना झाली. तिची मोठी परिषद दर दोन वर्षांनी वेगवेगळ्या शहरांत भरते. १९७४ चे वर्ष सरताना आणि पुन्हा २००२ साली ती नवी दिल्लीत भरली होती. परिषदेचे चार-पाच दिवस लोकांना दिसतात, पण खरे काम त्याआधी चालते. एकेका विषयासाठी समिती नेमली जाते आणि निरनिराळ्या देशांतले सदस्य काही वर्षे अहवाल लिहितात. परिषदेत तो अहवाल मांडला जातो. कुणीही उठून हरकत घेऊ शकतो. हरकतींची दखल घेत मसुदा पुन्हा लिहिला जातो. सगळे जमले तर शेवटच्या दिवशी सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर होतो.

त्या ठरावाला कायद्याचे बळ नसते. कोणत्याही सरकारवर तो बंधनकारक नाही. मोडला म्हणून दंड नाही, शिक्षा नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी?

बारा वर्षांचा मसुदा

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नद्यांच्या बाबतीत दोन टोकांची मते होती. १८९५ साली अमेरिकेचे महान्यायवादी जडसन हार्मन यांनी रिओ ग्रांदे नदीबद्दलच्या मेक्सिकोच्या तक्रारीवर मत दिले होते, की आपल्या हद्दीतल्या पाण्याचे काय करायचे याबाबत अमेरिकेवर आंतरराष्ट्रीय कायद्याचे बंधन नाही. हे झाले वरच्याचे म्हणणे. खालचा म्हणतो, नदी पिढ्यान्‌पिढ्या जशी माझ्यापर्यंत येत आली तशीच आली पाहिजे, एक थेंबही कमी चालणार नाही. पहिले मत मान्य केले तर खालचा उपाशी मरतो, दुसरे मान्य केले तर वरच्याला एक बंधाराही बांधता येत नाही. गंमत म्हणजे खुद्द अमेरिकेनेही १९०६ साली मेक्सिकोशी पाणीवाटपाचा करार केला, आणि १९०७ साली तिच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅन्सस आणि कोलोरॅडो या राज्यांच्या वादात समन्यायी वाटपाची भाषा वापरली.

इंटरनॅशनल लॉ असोसिएशनने १९५४ च्या एडिंबरा परिषदेत हा विषय हाती घेतला. १९५६ ला दुब्रोव्हनिक, १९५८ ला न्यूयॉर्क, मग हॅम्बुर्ग, ब्रुसेल्स, टोकियो, अशा परिषदांमागून परिषदांत मसुदा फिरला. हा काळ साधा नव्हता. याच वर्षांत सिंधू खोऱ्यावरून भारत-पाकिस्तान वाटाघाटी चालू होत्या आणि १९६० साली सिंधू जल करार झाला. अखेर ऑगस्ट १९६६ मध्ये हेलसिंकीच्या परिषदेत ३७ कलमांचे नियम मंजूर झाले. ‘हेलसिंकी नियम’ म्हणून ते जगभर ओळखले जातात.

त्यांचा गाभा चौथ्या कलमात आहे. खोऱ्यातल्या प्रत्येक देशाला, आपल्या हद्दीत, पाण्याच्या फायदेशीर वापरात वाजवी आणि न्याय्य वाटा मिळण्याचा हक्क आहे, असे ते सांगते. मग न्याय्य वाटा ठरवायचा कसा? पाचवे कलम त्यासाठी अकरा गोष्टी पाहायला सांगते. खोऱ्याचा भूगोल कसा आहे, कुणाच्या हद्दीतून किती पाणी येते, हवामान काय, आजवर पाणी कुणी कसे वापरले, लोकांच्या आर्थिक-सामाजिक गरजा काय, किती लोकसंख्या या पाण्यावर अवलंबून आहे, दुसऱ्या मार्गाने गरज भागवायला किती खर्च येईल, दुसरे स्रोत आहेत का, पाण्याची नासाडी टाळता येईल का, भरपाई देऊन वाद मिटेल का, आणि दुसऱ्याला मोठी इजा न करता एकाची गरज भागेल का. यातल्या कोणत्याही एकाच मुद्द्यावर निकाल लावायचा नाही, सगळे एकत्र तोलायचे.

थोडक्यात, ‘पाणी माझ्या हद्दीत आहे’ एवढे सांगून भागत नाही आणि ‘मी आधीपासून वापरतो’ एवढेही पुरत नाही.

ठरावाला वजन येते कसे

हेलसिंकी नियमांवर कोणत्याही देशाची सही नाही. पण १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विधी आयोगाने नद्यांच्या विषयाला हात घातला, तेव्हा त्याच्या टेबलावर तयार मांडणी होती. आयोगाने १९९४ मध्ये मसुदा पूर्ण केला. २१ मे १९९७ रोजी आमसभेत त्या मसुद्याचा करार झाला. १०३ देश बाजूने होते, चीन, तुर्कस्तान आणि बुरुंडी हे तीन वरच्या अंगाचे देश विरोधात होते, आणि भारत तटस्थ राहिला. करार लागू व्हायला ऑगस्ट २०१४ उजाडले.

पण न्यायालये तोवर थांबली नाहीत. डॅन्यूब नदीवरच्या धरणप्रकल्पावरून हंगेरी आणि स्लोव्हाकिया हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले होते. न्यायाधीशांनी स्वतः नदीकाठी जाऊन प्रकल्प पाहिला आणि सप्टेंबर १९९७ मध्ये निकाल दिला. अवघ्या चार महिन्यांपूर्वी मंजूर झालेल्या आणि अजून लागूही न झालेल्या त्या कराराचा आधार त्या निकालात आहे. सामायिक नदीतल्या न्याय्य वाट्यापासून कुणालाही वंचित करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

आपल्याकडेही तेच झाले. कावेरी वादात सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी निकाल दिला. खंडपीठावर सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्यासह न्या. अमिताव रॉय आणि न्या. अजय खानविलकर होते. हेलसिंकी नियमांची आणि त्यांच्या पुढच्या सुधारित संहितेची चर्चा या निकालात सविस्तर आहे. नदी ही राष्ट्रीय संपत्ती आहे, कोणतेही एक राज्य तिच्यावर मालकी सांगू शकत नाही, असे न्यायालयाने बजावले. तमिळनाडूचा वाटा १९२ वरून १७७.२५ टीएमसी झाला आणि बंगळुरूच्या पिण्याच्या पाण्याचा विचार करून कर्नाटकाला वाढ मिळाली. दोन देशांसाठी लिहिलेले तत्त्व एका देशातल्या दोन राज्यांना लागू पडले, कारण वाद मुळात तोच होता.

न्यायाधीशांपुढे प्रश्न नवा असतो, कायद्याच्या पुस्तकात नेमके उत्तर नसते आणि दोन्ही पक्ष टोकाचे बोलत असतात. अशा वेळी अनेक देशांच्या जाणकारांनी वर्षानुवर्षे घासूनपुसून तयार केलेली मांडणी हाताशी असेल, तर न्यायाधीश ती वापरतात. ठरावाचे बळ त्याच्यामागच्या युक्तिवादात असते. म्हणून परिषदेतले वाद फुकट जात नाहीत.

गोदावरीच्या मधोमध

आता आपल्याकडे येऊ. १९५६ पर्यंत नायगावचा परिसर आणि निजामाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली. नांदेड जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, पण देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे आणि मुधोळ, भैंसा, कुबेर हा भाग आंध्र प्रदेशात गेला. नदी होती तिथेच राहिली, पण तिच्यावर राज्याची सीमा आली. २ जून २०१४ ला तेलंगणा झाले आणि खालचा शेजारी पुन्हा बदलला. शेजाऱ्याचे नाव बदलले म्हणून पाण्याचे जुने करार संपत नाहीत. जमिनीशी आणि सीमेशी बांधलेली बंधने नव्या राज्याकडे जातात, हेही आंतरराष्ट्रीय कायद्यात बऱ्याच चर्चेनंतर पक्के झालेले तत्त्व आहे.

गोदावरीच्या वाटपासाठी एप्रिल १९६९ मध्ये न्या. बच्चावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला. राज्यांनी आपापसांत करार केले आणि लवादाच्या १९८० च्या निवाड्यात ते समाविष्ट झाले. ६ ऑक्टोबर १९७५ च्या महाराष्ट्र-आंध्र करारानुसार, गोदावरीवर पैठण धरणापर्यंतचे आणि पूर्णेवर सिद्धेश्वर धरणापर्यंतचे पाणी महाराष्ट्राचे. त्याखाली पोचमपाड धरणापर्यंतच्या खोऱ्यात महाराष्ट्राला नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसी. उरलेले पाणी आंध्रचे.

बाभळीचा वाद याच ६० टीएमसीवर उभा राहिला. सीमेपासून सुमारे सात किलोमीटर वर महाराष्ट्राने २.७४ टीएमसी क्षमतेचा बंधारा घेतला. पोचमपाडच्या श्रीरामसागर धरणाचा फुगवटा महाराष्ट्राच्या हद्दीत येतो आणि बंधारा त्या फुगवट्यात बसतो, ही अडचण होती. आंध्रचे म्हणणे, आमच्या साठ्यातले पाणी तुम्ही अडवता. महाराष्ट्राचे म्हणणे, आम्ही आमच्या वाट्यातलेच घेतो. २००६ साली आंध्र सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै २०१० मध्ये आंध्रचे तेव्हाचे विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू कार्यकर्त्यांसह बाभळीकडे निघाले आणि धर्माबादला त्यांना अटक झाली, तेव्हा हा वाद देशभर पोचला. २०१३ च्या निकालात न्यायालयाने बंधारा पाडायला सांगितले नाही, पण पावसाळ्यात नदी अडवायलाही मुभा दिली नाही. फुगवट्यातले ०.६ टीएमसी पाणी मार्चमध्ये परत करायचे आणि सगळ्यावर तिघांची समिती लक्ष ठेवेल, असे ठरले. हेलसिंकीत ठरले म्हणून बाभळीत घडले, असे म्हणणे खोटे होईल. पण वापर, गरज आणि इजा यांचा तोल साधायचा आणि देखरेखीला संयुक्त यंत्रणा नेमायची, ही रीत दोन्हीकडे एकच आहे.

नांदेडची खासियत याच्याही पुढे आहे. तेलंगणाच्या दृष्टीने आपण वरचे. नाशिक-नगरच्या दृष्टीने आपण खालचे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्याने खोऱ्यातल्या समन्यायी वाटपाची तरतूद केली. या वाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीच्या सूत्रानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीत, म्हणजे पैठण धरणात, ६५ टक्क्यांपेक्षा कमी उपयुक्त साठा असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचा प्रश्न येतो. मग दर दुष्काळी वर्षी कोर्टकचेऱ्या, मोर्चे आणि वृत्तपत्रांत आकड्यांची लढाई. ऑक्टोबरमध्ये मराठवाडा वरच्यांना सांगतो, नदी तुमच्या एकट्याची नाही. मार्चमध्ये बाभळीला तेच वाक्य त्याला ऐकावे लागते. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद एकाच जिल्ह्याला तोंडपाठ आहे. जगातल्या बहुतेक पाणीकायद्याच्या तज्ज्ञांना हा अनुभव पुस्तकातून मिळवावा लागतो.

सभागृहात कोण बसले होते

हेलसिंकी नियमांचे प्रकरणवार वाचन केले तर एक मजेशीर गोष्ट दिसते. समन्यायी वापर, प्रदूषण, जलवाहतूक, वादनिवारण यांच्या जोडीला एक अख्खे प्रकरण लाकडाचे ओंडके नदीतून वाहून नेण्यावर आहे. जंगलात झाडे तोडायची, ओंडके नदीत सोडायचे आणि खालच्या गिरणीपाशी अडवायचे, ही उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या नद्यांवर रोजची बाब होती. पण नदी कोरडी पडली तर काय, यावर त्या नियमांत स्वतंत्र प्रकरण नाही. तसेच, पाण्याच्या कोणत्याही वापराला मुळातच अग्रक्रम नाही, असे त्यांत म्हटले आहे. म्हणजे पिण्याचे पाणी आणि कारखान्याचे पाणी तत्त्वतः एकाच रांगेत.

पुढे हे बदलत गेले. १९९७ च्या करारात माणसाच्या जीवनावश्यक गरजांकडे विशेष लक्ष द्यावे, असे आले. २००४ मध्ये याच असोसिएशनने बर्लिनच्या परिषदेत नवे नियम स्वीकारले. त्यांत जीवनावश्यक गरजा सर्वांत आधी भागवाव्यात, असे स्पष्ट म्हटले गेले. पूर आणि दुष्काळ यांनाही कलमे मिळाली आणि भूजल मुख्य प्रवाहात आले.

या बदलाचे मोल लातूरकराला समजावून सांगावे लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण आटले आणि शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले. ‘जलदूत’ नावाची गाडी मिरजेहून निघाली. पहिल्या खेपेला पन्नास हजार लिटरच्या दहा वाघिणी, म्हणजे पाच लाख लिटर पाणी. कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी रुळांवरून गोदावरीच्या खोऱ्यात आले. वाटपाच्या तक्त्यात ही गाडी कुठल्या रकान्यात बसवायची? खालच्या गावाची तहान आणि वरच्या गावाचा ऊस यांत आधी कोण? बोअरवेलने काळ्या पाषाणातले पाणी उपसले तर नदीच्या हिशेबात ते कुणाच्या नावावर धरायचे? असे प्रश्न नियमात यायचे असतील, तर ते विचारणारा माणूस मसुदा चालू असताना तिथे असावा लागतो. ओंडक्यांचा प्रश्न रोज पाहणारे लोक तिथे होते, म्हणून ओंडक्यांवर कलमे निघाली.

जायचे कसे

नांदेडच्या विधी महाविद्यालयात शिकणाऱ्या नायगावच्या मुलामुलींना ही वाट वाटते तेवढी लांब नाही. संस्थांच्या वार्षिक परिषदेआधी काही महिने पेपर मागवणारे पत्रक निघते. त्यात विषय दिलेले असतात. तीनशे ते पाचशे शब्दांत ॲबस्ट्रॅक्ट पाठवायचे. निवड झाली तर पूर्ण पेपर लिहायचा आणि साधारण पंधरा-वीस मिनिटांत मांडायचा. एका सत्रात चार-पाच पेपर असतात, त्यानंतर प्रश्नोत्तरे. विद्यार्थ्यांना नोंदणी शुल्कात बहुधा सवलत असते. परिषद दिल्लीत असेल तर नांदेडहून सचखंड एक्सप्रेस आहेच. नुसते श्रोते म्हणूनही जाता येते, आणि पहिल्या वेळी तसेच जाणे शहाणपणाचे. कोणत्या प्रश्नावर लोक खुर्चीत पुढे सरकतात आणि कोणत्या वाक्यावर घड्याळ पाहतात, हे समोर बसून कळते.

तयारीबाबत एक गोष्ट अनुभवी लोक हमखास सांगतात. करारांची यादी वाचून दाखवणारा पेपर कुणी ऐकत नाही, कारण करार सगळ्यांनीच वाचलेले असतात. ज्याच्याकडे एखादे ठिकाण पक्के माहीत आहे, त्याचे ऐकतात. बाभळीच्या दरवाज्यांचे वेळापत्रक, समितीची कार्यपद्धती, मार्चमधल्या ०.६ टीएमसीमुळे दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांच्या पेरणीवर होणारा परिणाम, मुखेड तालुक्यातला लेंडीचा आंतरराज्य प्रकल्प इतकी वर्षे का रेंगाळला, जायकवाडीचे सूत्र आणि बाभळीचा निकाल यांची तुलना. यातला एकेक विषय पूर्ण पेपरचा आहे. निकालाची प्रत सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळते. बंधारा पाहायला नायगावहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. गेट ऑपरेटर, पाणीवापर संस्थेचे लोक आणि सीमेपलीकडचे मराठी-तेलुगू दोन्ही बोलणारे शेतकरी यांच्याशी बोलून मिळणारी माहिती लंडनच्या ग्रंथालयात नाही.

भाषेची भीती खरी आहे, पण तिचा बाऊ करू नये. अशा परिषदांत बरेच लोक इंग्रजी ही दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून बोलतात. मुद्दा सरळ असेल तर साधी इंग्रजी पुरते. अवघड असते ते प्रश्नांना उत्तर देणे. त्यासाठी आपल्याच विरुद्ध बाजूचा युक्तिवाद आधी लिहून काढावा. नांदेडच्या माणसाला हे तुलनेने सोपे जावे. तेलंगणासमोर महाराष्ट्राची बाजू मांडायची आणि त्याच दमात नाशिकसमोर मराठवाड्याची, एवढा सराव झाला की आपल्या बोलण्यातली विसंगती आपल्यालाच आधी दिसते.

पाणी कमी होत जाईल तसे हे नियम पुन्हा लिहिले जातील. भूजल, हवामानबदल, एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात वळवलेले पाणी, यांवरची कलमे अजून घट्ट झालेली नाहीत. त्यांचे पहिले मसुदे कुठल्या तरी परिषदेत, कुणाच्या तरी पेपरमधून निघतील आणि वीस-तीस वर्षांनी एखाद्या निकालात उतरतील. त्या पेपरखाली मराठवाड्यातले एखादे नाव असायला कायद्याची आडकाठी कुठेच नाही.